ट्वेटनांचा एकच घाणा

ऑर्लिन ट्वेटनचं कुणाशी पटतं, असं आमच्या स्कोगडालमध्ये कुणी म्हणणार नाही. टपालवाल्याशी त्याचं वाजलेलं, पाद्रीबुवांशी वाजलेलं, आणि शेजारच्या लीमनशी तर कुंपणाच्या एका खांबावरून तीस वर्षांचा अबोला. पण नाताळच्या आधी चर्चच्या तळघरात लुटेफिस्कचं, म्हणजे भिजवलेल्या सुक्या माशाचं, जेवण झालं, की हीच मंडळी माशाचे हात पुसत त्याच्या पिकअपमागे रांग लावायची. कारण ऑर्लिन हरणाच्या मांसाचं सॉसेज करायचा. अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये तसं कुणाला जमत नाही, हे त्याचे वैरीही तोंडात घास असताना कबूल करायचे.

कृती त्याच्या बापाची, आणि नियमही बापाचाच. नोव्हेंबरात बंदुकीनं हरणं मारायचा हंगाम उघडला, की पहिल्या शनिवार-रविवारी ट्वेटनांच्या डोंगरावर जेवढी हरणं पडतील तेवढ्यांचं मांस एकाच टबात जायचं. एकच घाणा. ज्याचा नेम चुकला त्यालाही सारखाच वाटा, आणि कुणाचं हरीण कुठल्या सॉसेजात गेलं हे विचारायचं नाही. विचारणारा हलकट. ह्या नियमापायी त्या घरात कधी हरणावरून भांडण झालं नाही. भांडायला बाकीच्या गोष्टी होत्याच म्हणा.

उदाहरणार्थ, आर्डिस. ही ऑर्लिनची थोरली बहीण. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली आणि निवृत्त झाल्यावर हंगामापुरतं सरकारी काम धरलं. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये रबरी एप्रन बांधून बसायची. शिकारी हरणांची मुंडकी आणून द्यायचे आणि ती मुंडक्यांतल्या गळ्याच्या गाठी काढून तपासणीला पाठवायची. हरणांमध्ये झिजरोग पसरला होता. त्यात जनावर वाळत जातं, लाळ गाळतं, माणसाला भ्यायचं विसरतं आणि मरतं. त्याआधी मात्र बरेच महिने ते धडधाकट दिसतं, आणि खरी मेख तिथेच आहे. माणसाला हा रोग झाल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही. पण शिजवून तो मरत नाही, तेव्हा तपासल्याशिवाय खाऊ नका, असं सगळीकडे सांगतात.

आमच्या भागातलं पहिलं रोगी हरीण निघालं ते आर्डिसच्याच टेबलावर. लगेच हरणांना मका टाकायला बंदी आली, कारण ढिगावर तोंडाला तोंड लागून रोग पसरतो. ऑर्लिनचं पशुखाद्याचं दुकान होतं आणि त्याच्याकडची निम्मी पोती शिकारीच न्यायचे. दुकान बसलं. त्या वर्षी लुटेफिस्कच्या जेवणात, भरल्या टेबलावर, तो बहिणीला म्हणाला, "भावाच्या पोटावर पाय देणारी कसाईण तू!"

आर्डिसनं बटाटा सोलता सोलता उत्तर दिलं, "तुझ्या डोंगरावरचं एक मुंडकं आणून टाक माझ्यासमोर. मग बोल."

त्यानं मुंडकं दिलं नाही. त्या वर्षापासून तिच्या वाट्याचं सॉसेजही बंद केलं. ट्वेटनांच्या डोंगरावरची मुंडकी तो ओढ्याकाठच्या घळीत फेकायचा, आणि डोंगरावरून तिच्या शेडमध्ये काही गेलेलं दिसलं तर जाणाऱ्याचे पाय मोडीन म्हणायचा.

यंदा डोंगरावरची हरणं बघवत नव्हती. एक मादी भर दुपारी ओढ्यात मान खाली घालून उभी होती. ऑर्लिननं टोपी हलवली, ओरडला, तरी जागची हलली नाही. "ओकची झाडं फळली नाहीत यंदा, उपाशी आहेत बिचारी," असं त्यानं स्वतःच जाहीर करून टाकलं. शनिवार-रविवारी चार हरणं पडली. जावई कर्टिसनं पाडलेली मादी त्यात सगळ्यात गुबगुबीत. रविवारी सगळं टबात गेलं, धुरी लागली, आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पिकअपमागे नेहमीसारखी रांग लागली.

पुढच्या बुधवारी कर्टिस आणि जनेल, म्हणजे ऑर्लिनची लेक, धुरीघरात आले. ऑर्लिन जाळ्या घासत होता.

"जरा बोलायचं होतं," कर्टिस म्हणाला.

"बोल की. तोंड काय उसनं आणलंयस?"

"माझ्या मादीचं मुंडकं मी आर्डिसकडे दिलं होतं. आज फोन आला. रोग निघालाय."

ऑर्लिननं घासणी खाली ठेवली. "कुणाला विचारून दिलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही देऊ दिलं असतं?"

"मग मांस टबात टाकताना का नाही बोललास, गाढवा?"

"तुमचाच नियम ना! कुणाचं हरीण ते बोलायचं नाही. आणि तुमच्यासमोर तोंड उघडायची कुणाची छाती आहे ह्या घरात?"

"बाहेर हो!"

"पप्पा," जनेल म्हणाली, "कर्टिस मला सारखा सांगत होता, उत्तर येईपर्यंत थांब म्हणून. मी म्हटलं, पप्पांच्या हातचं आहे, त्याला काय होतंय? शनिवारपासून रोज न्याहारीला खातेय. बाळ अजून अंगावर पितंय माझ्या."

एक क्षण ऑर्लिनच्या मनात आलं, की गप्प बसावं. सॉसेज लोकांच्या पोटात जाईल, कुणाला काही होणार नाही आणि नावही राहील. त्याच्यासारख्या माणसाला असं वाटलं नसतं तरच नवल. पण लेक समोर उभी होती, बाळाचं दुपटं अजून तिच्या खांद्यावर होतं. त्यानं खुंटीवरची पिकअपची किल्ली घेतली.

मग हा माणूस दारोदार आपलंच सॉसेज परत मागत फिरला. लोकांनी त्याला सुखासुखी सोडलं नाही. इतक्या वर्षांची उट्टी काढायची अशी संधी परत कुठे मिळते? पाद्रीबुवांच्या बायकोनं चिमट्यात धरून सॉसेज त्याच्या पोत्यात टाकलं आणि दार लावून घेतलं. टपालवाला म्हणाला, "पोरांनी खाल्लंय माझ्या. त्यांना काही झालं ना, तर तुलाच धुरी देईन." ऑर्लिननं एकालाही उलट उत्तर दिलं नाही. त्यामुळे लोक जास्तच घाबरले.

शेवटी लीमन.

"तीस वर्षांनी दारात आलास, तो दिलेलं परत मागायला?" लीमन म्हणाला. "अर्धं माझ्या पोटात गेलं. आता पोट फाडून देऊ?"

"उरलेलं अर्धं दे."

"ते आर्डिसकडे. दरवर्षी तिलाच देतो अर्धं."

"कुणाला?"

"तुझ्या बहिणीला. बापाच्या हातची चव तिलाही हवी असेल की नाही? तुला कळत नाही, म्हणून मीच देतो."

ऑर्लिन तिथून थेट आर्डिसकडे गेला. तिनं दार उघडलं आणि बाजूला झाली. "बूट काढ," एवढंच म्हणाली.

"लीमननं दिलेलं कुठाय?"

मागच्या पडवीत फ्रीझर होता. तिनं झाकण उघडलं. आत पांढऱ्या कागदातली पुडकी एकावर एक रचलेली होती. प्रत्येकावर लीमनच्या अक्षरात साल लिहिलेलं. एकाचीही दोरी सुटलेली नव्हती.

"खाल्लंच नाहीस?"

"तपासलेलं नव्हतं."

"मग टाकून का नाही दिलंस?"

"बाबांच्या चवीचं होतं. हात होईना."

ऑर्लिननं सगळ्यात वरचं, यंदाचं पुडकं उचलून पोत्यात टाकलं. "झालं. हे शेवटचं."

"आणि खालची?"

"त्यांना काय झालंय? ती आधीच्या सालांची आहेत. मेलंय का कोणी खाऊन?"

"यंदा तुझ्या डोंगरावरचं पहिल्यांदा एक मुंडकं आलं, ऑर्लिन. एकच आलं आणि त्यातच निघाला."

ऑर्लिन पुडक्यांकडे बोट करून म्हणाला, "ही पाठव ना तपासायला. तुझी ओळख आहे तिथं."

"नुसतं मांस नाही तपासत. मुंडकी लागतात. ती तू घळीत फेकलीस, आणि तिथंच तुझी हरणं पाण्याला येतात."

त्यानं एक पुडकं हातात घेतलं. गेल्या सालचं. गेल्या हिवाळ्यात जनेलला दिवस गेले होते. तिला दुसरं काही पचत नव्हतं, आणि 'पोरगी माझ्या सॉसेजवर जगतेय' असं तो गावभर सांगत फिरला होता. हे आर्डिसनंही ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं.

"आर्डिस," तो म्हणाला, "तिला मी आता काय सांगू?"

"मला काय विचारतोस? मी कसाईण."

तिनं त्याच्या हातातलं पुडकं काढून घेतलं, जागेवर ठेवलं आणि झाकण लावलं.