बिनघशाचा सूर

आमची ही गर्विष्ठ आहे. ही तक्रार नाही. ज्याला काम येतं त्याने मान ताठ ठेवली तर बिघडलं कुठे? ही अॅम्प्लिफायरच्या कारखान्यात तपासणीची प्रमुख आहे. माइकमधला बारीक आवाज मोठा करणाऱ्या त्या पेट्या हिच्या टेबलावरून पास झाल्याशिवाय दाराबाहेर पडत नाहीत, आणि ही सहजासहजी कुणाला पास करत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी अजून टेबलावरच आहे.

मी बसस्थानकावरचा निवेदक. कुठली गाडी कुठे लागली, कुठली सुटते आहे, हे चारही दालनांत ऐकू येतं तो आवाज माझा. त्या आवाजाचा मला फार अभिमान, खोटं कशाला बोलू? पण स्थानकावर नवी डिजिटल पेटी बसली आणि आवाज खरखरायला लागला. प्रवाशांनी तक्रारी केल्या. व्यवस्थापकांनी ऑफिसातला एकच स्पीकर लावून पेटी तपासली, तर ती ठणठणीत. मग उरलं कोण?

"घसा गेला हो तुमचा," ते म्हणाले. माणूस तसा भला. पुढच्या महिन्यापासून रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा आणि मला पार्सलच्या खिडकीवर बसवायचं, असं ठरलं. पार्सलच्या खिडकीत कमीपणा काही नाही, पण तिथे माझ्या आवाजाचं काय लोणचं घालायचं होतं? मीठपाण्याच्या गुळण्या करून जीव मेटाकुटीला आला.

हिला सांगितलं, तर पहिला प्रश्न, "पेटी कुठली?"

पेटी हिच्याच कारखान्यातली निघाली.

"मग पेटी नाही खरखरणार. ती मी पास केलीय."

"म्हणजे माझा घसा गेला?"

"घरी तर नीट बोलता. भांडताना तर जास्तच नीट. थांबा, मोजल्याशिवाय मी बोलणार नाही."

एक तर माझा घसा, नाहीतर हिची पेटी.

सुट्टीच्या दिवशी ही लॅपटॉप आणि मोजायचं यंत्र घेऊन स्थानकावर हजर झाली. व्यवस्थापक हसले, "नवऱ्याची वकिली करायला आलात वाटतं?"

"छे! ह्यांचा घसा गेला असेल तर मीच सांगेन तुम्हाला."

मला ते लागलं. हिने माझा माइक काढला आणि लॅपटॉपमधून एक साधा, सरळ सूर पेटीत सोडला. एका दालनात स्वच्छ. दुसऱ्यात स्वच्छ. एकेक करून चारही दालनांत स्वच्छ. मग चारही एकदम चालू केली, आणि तीच खरखर!

"ह्या सुराला घसा नाही," ही व्यवस्थापकांना म्हणाली. मी खुर्चीत ताठ बसलो.

पण हिचा चेहरा उतरला होता. पेटी तिची होती ना! तिने पेटीतल्या सेटिंग्ज उघडल्या, खाली सरकत गेली, आणि एकदम कपाळावर हात मारून हसली. बसवणाऱ्याने शहाणपणा करून जुन्या, दोन चॅनेलच्या पेटीतल्या, कुठल्या चॅनेलने कधी वीज ओढायची त्या वेळा जशाच्या तशा नव्या पेटीत घातल्या होत्या. नव्या पेटीत मात्र दर दालनाला एक, असे चार चॅनेल. त्यामुळे तिसरा चॅनेल पहिल्याबरोबर आणि चौथा दुसऱ्याबरोबर वीज ओढत होता.

"माहेरी आम्हा चार घरांना एकच टाकी," ती व्यवस्थापकांना सांगू लागली. "सगळ्यांनी एकदम नळ सोडला की कुणाच्याच बादलीला धड धार नाही. लहानपणी मीच दारोदार फिरून नंबर लावून दिले होते. इथेही तेच. हे चॅनेल सेकंदात लाखो वेळा वीज उघडतात, बंद करतात. एकदम ओढलं की वीज डळमळते आणि ती डळमळ आवाजात उतरते. प्रत्येकाला आधीच्यापेक्षा जरासा उशीर करायला सांगायचं, की झालं."

तो उशीर इतका बारीक, की कानाला पत्ताही लागत नाही. हिने चार आकडे बदलले, पुन्हा सूर सोडला. यंत्राच्या पडद्यावरची दातेरी रेघ गुळगुळीत झाली. पेटीही सुटली आणि मीही.

माइक परत माझ्यापुढे ठेवत ही म्हणाली, "बोला. आणि ध्यानात ठेवा, आता जे खरखरेल ते तुमचं."

एवढं बोलून ती थेट चौथ्या दालनात गेली. काचेतून मला दिसत होती. प्रवाशांच्या गर्दीत हाताची घडी घालून, मान वर करून, स्पीकरखाली उभी. एखादी पेटी तपासताना उभी राहते, अगदी तशी. मी दुपारच्या गाडीची घोषणा सुरू केली. निम्म्यावर आलो आणि तिने मान हलवली. पास.

कशीबशी घोषणा संपवली. ही परत आली तशी व्यवस्थापक म्हणाले, "पार्सलसाठी आता दुसरं कुणीतरी बघायला हवं." मग ती माझ्याकडे वळली.

"शेवटी चिरकलात."

"ते माझं होतं," मी म्हणालो.

"कळलं मला," ती म्हणाली. "चारही दालनांत स्वच्छ ऐकू आलं."