आईचं उलटं चालणं

मंडळी, सायबर कॅफेतून घाईत लिहितेय. आज सकाळी पुण्यात आईच्या डाव्या पायाच्या फुगलेल्या शिरांवर लेसर झालं. आमच्या पासली गावच्या खाचरांत वर्षानुवर्षं भाताची लावणी केलेला पाय. टाके नाहीत, तासाभरात तिला चालायलाही लावलं.

सिस्टर म्हणाल्या, "मावशी, त्या दारापर्यंत चाला."

आई मांडीपर्यंतचा घट्ट मोजा घालून उभी राहिली आणि मान खाली घालून मागं मागं सरकायला लागली.

"अहो मावशी, पुढं चाला की, पडाल."

"पुढं चालून लावल्याली रोपं तुडवू व्हय? लावणी मागं सरकतच करत्यात, बाई. जमतंय का बघत व्हते."

सिस्टर हसल्या. मला हसता आलं नाही. डॉक्टरांनी थोड्या वेळापूर्वीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, या पावसाळ्यात चिखलात उभं राहायचं नाही.

आता ती माझ्या खोलीवर उशीवर पाय ठेवून पडलीय. मी निघताना म्हणाली, "यंदा खालच्या खाचरात म्या पहिली उतरनार. गेल्या साली बांधावर बसून निसती बघत व्हते."

शाळेत जायच्या आधी मला वाचायला तिनंच शिकवलं. म्हणून चिखलाची मनाई लिहिलेला सूचनांचा कागद तिच्या फाईलमधून काढून मी पर्समध्ये ठेवलाय. तिच्यापासून असं काही मी आजवर लपवलं नव्हतं.

तुम्ही काय केलं असतं? आजच सांगू, की एक रात्र तरी तिला त्या खाचरात राहू देऊ?