उजव्या खांद्यावरचा फटका

आधीच सांगतो, मी इंजिनांचा माणूस आहे. आमच्या कुरुळी गावात कुणाच्या अंगात आलं की मी चप्पल घालून बाहेर पडायचो. अशा न उलगडलेल्या अनुभवांच्या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं... पण आता वय नव्वदीला टेकलंय, आणि नात टाइप करून द्यायला तयार आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. चाकणच्या बाजूला तेव्हा कंपनी नावाची चीज नव्हती, कांदा आणि बटाटा एवढंच. आमच्या विहिरीवर मोट चालायची. मोट भरेपर्यंत बैल विहिरीकडे पाठ करून अगदी काठाशी उभे असतात. तेवढा वेळ हाकणाऱ्याने डोळा लागू द्यायचा नसतो, कारण बैल आणखी मागे सरकले तर माणसासकट आत. मी आणि माझे वडील, आबा, आळीपाळीने मोट हाकायचो. एकाला पेंग आली की दुसरा हटकायचा.

मला डिझेल इंजिनाचं काम शिकायला जपानची स्कॉलरशिप मिळाली. आबांना म्हणालो, "दोन वर्षांत पंपाचं शिकून येतो, मग मोट बंद." ते म्हणाले, "तवर कोण हटकायचं मला?" मी हसण्यावारी नेलं आणि गेलो.

तिकडे दुसऱ्या हिवाळ्यात, एका रविवारी, केंजी नावाचा वर्गमित्र मला त्याच्या गावाजवळच्या झेन मंदिरात घेऊन गेला. मला मंदिर म्हणजे घंटा, गुलाल, गर्दी एवढंच ठाऊक. इथे मूर्तीपुढेही कोणी नव्हतं. लाकडी जमीन, थंडीने बधिर झालेले पाय, आणि आम्ही वीस-पंचवीस जण भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसलेलो. काही मागायचं नाही, जप नाही. फक्त बसायचं. साडेदहाला बसलो. मला पहिल्या दहा मिनिटांतच भूक आठवली.

अर्ध्या तासाने पाठीमागे पावलं वाजली. कोणी भिक्षू सावकाश येत होता. आळंदी आमच्यापासून जवळ. लहानपणापासून सवय अशी की बुवा-महाराज जवळून जात असले की हात आपोआप जोडले जातात. मी मागे न बघता हात जोडले.

पावलं थांबली. खांद्याला काहीतरी अलगद टेकलं, आणि मग फाडकन आवाज झाला — उजव्या खांद्यावर लाकडी पट्टीचा फटका.

बाहेर आल्यावर केंजी हसून हसून बेजार. म्हणाला, इथे हात जोडणं म्हणजे 'मला पेंग येतेय, फटका द्या' अशी विनंती! मीही हसलो. तो म्हणाला, "आवाज तर जोरात आला. दुखतंय का?" तेव्हा लक्षात आलं... मला काहीच लागलं नव्हतं. शर्ट काढून दाखवला. खांदा कोरा. केंजीने स्वतःही एक फटका मागून घेतला होता, त्याचा खांदा मात्र लालेलाल होता. मी म्हटलं, स्वेटर जाड असेल. स्वेटर त्याचाही तसाच होता.

तीन आठवड्यांनी घरचं पत्र आलं. आबांना लिहिता येत नसे. शाळेतले गुरुजी ते बोलतील तसं उतरवून द्यायचे.

"आज सकाळी मोटंवर डोळा लागला. बैल मागं सरकलं. तेवढ्यात उजव्या खांद्यावर कुनीतरी फटका हाणला. जागा झालो, बैल आवरलं. मागं बगतो तर कोन न्हाई. चांगला वळ उठलाय, तुज्या आईनं हळद लावली. काळजी करू नगं. कांदा बरा हाय."

पत्रावर त्याच रविवारची तारीख होती. तिकडचे अकरा म्हणजे आपल्याकडचे साडेसात, मोटेची वेळ. वसतिगृहाच्या जिन्यात बसून मी ते तास बोटांवर पुन्हा मोजले. भीती वाटली ती भुताखेताची नव्हे. आबा विहिरीत गेले असते तर ते मला असंच तीन आठवड्यांनी कळलं असतं, याची.

परत आल्यावर आईला आधी विचारलं. ती म्हणाली, वळ चार बोटं रुंद होता. मंदिरातून निघताना पाहिलेली ती पट्टी साधारण तेवढीच रुंद होती. मग आबांना सगळं सांगितलं. ते कांदे निवडत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "त्या बुवाला काय दिलंस?"

"काही नाही. फक्त नमस्कार केला होता."

"फटक्याच्या आदी का मागनं?"

"आधी."

"मग आदीच दिलंस की," म्हणाले, आणि सडका कांदा बाजूला टाकला.

विहिरीवर इंजिन बसवलं, मोट सुटली. आबा त्यानंतर सत्तावीस वर्षं जगले. मी जन्मभर इंजिनं दुरुस्त केली आणि प्रत्येक आवाजाचं कारण शोधून काढलं. त्या फटक्याचं सापडलं नाही. योगायोग म्हणा, मी हरकत घेणार नाही. फक्त त्या दिवशी सवयीने हात जोडले गेले नसते तर... इथवर आलो की मी विचार थांबवतो.