सानियाच्या निरोपांना मी दिलेली उत्तरं

डॉक्टरीणबाई केरळच्या. हिंदीत बोलल्या, "अम्माजी, बच्ची को डिप्रेशन है. मॉडरेट." मी विचारलं, म्हणजे काय? त्यांनी सांगितलं, डिप्रेशन म्हणजे मन आजारी पडतं. मॉडरेट म्हणजे मधलं. अंगावर काढण्याइतकं हलकं नाही, हाताबाहेर गेलेलंही नाही.

मी म्हटलं, "आळस असेल. दिवसभर पडून असते."

"आलसी बच्चा अपनी पसंद का काम तो करता है. इसको कुछ भी पसंद नहीं आ रहा."

सानिया माझी नात, सतरा वर्षांची. शेजारच्या खुर्चीत नखं बघत बसली होती. एप्रिलपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. कारण मला माहीत होतं. इथे आखातात आपल्या पुष्कळ घरांत तेच करतात, म्हणून लिहिते.

आमच्याकडे रीत आहे. लांबच्या माणसाला मयताची बातमी लगेच द्यायची नाही. परीक्षा असेल तर नाहीच. माझे यजमान, ज्यांना घरात सगळे बाबा म्हणत, फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या रत्नागिरीकडच्या गावात हार्टने गेले. इकडे सानियाची बारावीची परीक्षा चालू होती. माझा मुलगा इम्रान मयतीला आला, तेव्हा तिला सांगितलं की पप्पा कामासाठी लांब हमरियाच्या साइटवर मुक्कामाला आहेत. "खलास. पेपर होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही," इम्रान म्हणाला. मीही मान हलवली.

पण ती रोज बाबांच्या फोनवर बोलून निरोप पाठवायची. मी इद्दतीत होते, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातच राहायचं. फोन माझ्या उशाशी. मी निरोप ऐकायचे आणि माझ्याच आवाजात उत्तर पाठवायचे, "बाबांचा घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हटलंय. तू अभ्यास कर."

एकदा तिने वर्गातल्या मुलाचं सांगितलं. तो कॅनडाला शिकायला चालला होता. "बाबा, त्याला सांगू का, मला तो आवडतो म्हणून? मम्मीला बोलू नका. दादीला तर नकोच नको." मी ते चार वेळा ऐकलं. उत्तर दिलं नाही. पेपर संपताच मुलगा निघून गेला.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी इम्रानने शाळेबाहेर गाडीतच तिला खरं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मग माझे मेसेज कोण ऐकत होतं?"

त्यानंतर तिचं जेवण सुटलं. झोप गेली. आंघोळीला उठवावं लागे. घरच्यांना वाटलं, परीक्षेचा शीण. मग रक्त तपासलं. थायरॉइड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी असते, ती बिघडली तरी माणूस असा सुस्तावतो म्हणे. रिपोर्ट चांगला आला. जुलैत इद्दत संपल्यावर मी इकडे आखातात, अल कुसैसला इम्रानच्या घरी आले. सून शबाना म्हणाली, "अम्मा, तुम्हीच बोला तिच्याशी."

"तिला माझा आवाज नको झालाय," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सानियाला सरळ विचारलं, "कभी लगता है कि जीना नहीं?"

"समटाइम्स," ती म्हणाली.

इम्रान खाली बघत राहिला. डॉक्टर दचकल्या नाहीत. घरातल्या सगळ्या गोळ्या शबानाने कुलपात ठेवायच्या, सानियाला एकटं सोडायचं नाही, असं वाटलं की तिने लगेच सांगायचं, सगळं नीट ठरवून दिलं. अँटीडिप्रेसंट दिलं, म्हणजे मन सावरायची गोळी. गुण यायला काही आठवडे लागतात. आणि दर मंगळवारी थेरपी, म्हणजे बोलून इलाज.

आत ती परक्या बाईशी बोलायची. मी बाहेर एसीत शाल गुंडाळून बंद दाराकडे बघत बसायचे. चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा गेला, ते मी गिळलं होतं. पण हिने एकदा दादी म्हणावं म्हणून जीव तुटायचा.

पाचव्या मंगळवारी मला आत बोलावलं. डॉक्टर म्हणाल्या, "ये कुछ पूछेगी. सच बोलिए. अच्छा लगे इसलिए कुछ मत जोड़िए."

सानियाने माझ्याकडे न बघता विचारलं, "शेवटी बाबांनी माझं नाव घेतलं?"

हो म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "पाणी मागितलं. मी आणायला गेले. परत आले तोवर संपलं होतं."

"तू एकटी होतीस?"

"हो."

"आणि मग मला रोज घशाचं सांगत बसलीस?"

"हो. चुकलं माझं."

ती मोठ्याने रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. डॉक्टरांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. त्यातले दोन तिने मला दिले.

ती पूर्ण बरी झाली, असं मी म्हणणार नाही. गोळी चालू आहे. कॉलेज एक वर्ष पुढे ढकललंय. काही दिवस ती उठतच नाही, मग मी तिच्या खोलीत बसून तांदूळ निवडते. त्या डॉक्टरीणबाईंसाठी नमाजानंतर दुवा मागते. तुमच्या घरी पेपर असो, मुलाखत असो, मयताची बातमी सांगून टाका. पोरं रडतील. रडू द्या.

काल सानिया म्हणाली, "दादी, तुला बाबांची आठवण येते?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. जेवलीस का, प्रेशरची गोळी घेतलीस का, एवढंच विचारतात.

"येते," मी म्हटलं. "फार येते."

"मग सांग ना," असं म्हणून ती पाय वर घेऊन माझ्या पलंगावर बसली.