बँकेच्या छतावरची काच

मिस्त्रींचा दिवस पहाटे पाचला सुरू होई. कामावर जाण्याआधी ते बँकेच्या खिडकीशी थांबत, गजांतून टॉर्च मारत आणि छत पाहत. मी तीस वर्षं त्यांच्या हाताखाली सिमेंट-वाळूचा माल कालवला. हा फेरा कधी चुकला नाही.

बँक आम्हीच बांधली. स्लॅब भरल्यावर टेकू एकवीस दिवस ठेवायचे. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झालेल्या, मॅनेजर रोज डोकं खायचा. मिस्त्रींनी बाराव्या दिवशी टेकू काढले. मधोमध केसाएवढी भेग पडली. ती त्यांनी गिलाव्याखाली घातली आणि गप्प बसले.

पुढं कॅशियरचा जाळीचा पिंजरा जाऊन काचेचं काउंटर आलं, तिजोरीची खोली झेरॉक्सवाल्याला गेली. शेवटी बँकच उठली आणि हॉलमध्ये बालवाडी भरू लागली. इमारतीच्या मालकानं गच्चीवर पाण्याची मोठी टाकी बसवली. महिन्याभरात छताच्या गिलाव्यातून भेग वर आली.

मिस्त्रींनी बालवाडीच्या बाईंना विचारून भेगेवर सिमेंटनं काचेची पट्टी चिकटवली. भेग हलली की काच तडकते.

"पहाऱ्याचा पगार लावलाय का कुणी तुम्हाला?" त्यांची बायको म्हणाली. त्यांनी चपला घातल्या.

आठव्या दिवशी काच तडकलेली दिसली. बाई येईपर्यंत मिस्त्री दारातच बसून राहिले.

"पोरांना आत घेऊ नका."

"अहो, झालं काय?"

"आधी बाहेर बसवा. मग सांगतो."

मालक आला. "तीस वर्षं उभंय ते. आजच पडतंय होय?"

"टेकू मी नऊ दिवस आधी काढले होते."

हे मीही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"मग भुर्दंड मी सोसू?"

"तुम्ही टाकी उतरवा. लोखंड मी आणतो."

भेगेखाली आधाराला लावायचा लोखंडी गर्डर सहा जणांनी उचलला. चौसष्टाव्या वर्षी मिस्त्री पुढच्या टोकाला होते. गर्डर छताला टेकवायला खालचा जॅक पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, कान द्यायचा, मग पुन्हा पाव फेरा. घाई करणाऱ्याला त्यांनी बाहेर काढलं. दोन दिवस लागले.

स्वतःच्या घरावरचा पत्रा काढून स्लॅब घालायचा, म्हणून त्यांनी मजुरीतून बाजूला टाकलेलं सगळं त्यात गेलं. त्यात एक गर्डर आला, दोन लोखंडी खांब आले आणि आम्हा बाकी पाच जणांची दोन दिवसांची मजुरी भागली. माझी मी नको म्हणत होतो. त्यांनी ती खिशात कोंबली.