आंधळ्या डोळ्यांना दिसलेलं कडं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. पण साठच्या दशकात खाडीकाठच्या आमच्या दिघीच्या कोळीवाड्यात, आमच्याच घरात जे घडलं, त्यावर मला कधी हसता आलं नाही...

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरीच होते. आईला काचबिंदू होता. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब ती न चुकता घालायची. त्या वर्षी बोंबील वाळत घालताना खारे हात लागून तिचे डोळे लालभडक झाले. बाबांनी अलिबागहून आणखी एक बाटली आणली — जंतू मारणारं औषध आणि स्टेरॉइड, दोन्ही एकातच. लाली लगेच उतरली. बाबा खूश!

"दोनी चालू ठेव," ते आईला म्हणाले. "एका जाल्यानं भागत न्हाय तवा आपण दुसरं टाकतोच ना?"

कोळ्याला हे पटणारच. कितीतरी महिने दोन्ही बाटल्या चालल्या. मग आईला दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. पुढे दिवाही दिसेना.

मुंबईचे डॉक्टर बाबांवर कडाडले, "अहो, एक औषध डोळ्यातला दाब उतरवत होतं, दुसऱ्यातलं स्टेरॉइड तोच चढवत होतं! विचारायचं तरी..." गेलेली नजर परत येणार नव्हती.

त्यानंतर बाबा एकटेच होडी काढू लागले. आई ओट्यावर बसून राहायची. एका संध्याकाळी अचानक म्हणाली, "कडं आलं बघ. तुज्या बापाच्या होडीचा दिवा." मला खाडीत काहीच दिसेना. म्हटलं, बिचारीच्या मनाचे खेळ. पण थोड्या वेळाने बाबांची होडी खरंच आली! मग रोजच तसं व्हायला लागलं. ती एकदाही चुकली नाही.

आणि एक दिवस ती दचकून उभी राहिली. "कडं हाय गं... पन मधी दिवा न्हाय."

मी धक्क्यावर धावले. भरतीबरोबर होडी आली. जाळी जागच्या जागी होती. बाबा नव्हते. तोल गेला की त्यांनीच... देव जाणे. ते कधीच सापडले नाहीत.

काचबिंदूत असं कडं दिसतं, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण दिसत्या डोळ्याला! पूर्ण गेलेल्या नजरेला कसं दिसेल?

आई नंतर बरीच वर्षं जगली. रोज दिवेलागणीला खाडीकडे तोंड करून बसायची. "आये, आत चल ना," मी रडकुंडीला येऊन म्हणायचे.

"थांब गं," ती म्हणायची. "कडं हाय अजून. दिवा येल."