तीन तबकड्या आणि एक श्वास

माझ्या मामांकडे जॅझची एक जुनी तबकडी आहे. तिचं नाव सांगणार नाही, कारण नाव घेतलं की जाणकार मंडळी लगेच भांडायला येतात. चार वादक, एक खोली, आणि त्यात एक सॅक्सोफोनवाला, एवढं पुरे. मामा अकोल्यात फौजदारी वकील होते. तरुणपणी कोटाचं कापड आणायला म्हणून मुंबईला गेले आणि ही तबकडी घेऊन परतले. मामी अजून त्या कापडाची चौकशी करते.

मी अमरावतीला कॉलेजात शिकवते. चहाची सवय लावावी तसं जॅझ मला मामांनी लावलं. पुढे त्याच तबकडीच्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या. आधी सीडी आली, मग मूळ टेपवरून नव्याने काढलेली जाड तबकडी. नवी आवृत्ती आली की आमच्याकडे ओळख परेड व्हायची. शब्द मामांचाच. त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं, मी एकेक आवृत्ती लावायची आणि त्यांनी निकाल द्यायचा. कव्हर बघून मत देणाऱ्याला ते साक्षीदार मानत नसत.

खूण ठरलेली होती. दुसऱ्या बाजूला जाड तारांच्या बासचा एकट्याचा तुकडा संपतो, आणि सॅक्सोफोनवाला पुन्हा सुरू करण्याआधी श्वास घेतो. एवढासाच. जुन्या तबकडीवर तो ऐकू येतो. सीडीवर तो साफसफाईत गेला होता. "माणूस काढून टाकला अन् बाजा ठेवला," म्हणत मामांनी सीडी नापास केली. श्वास आला की ते बोट वर करत, आणि ते बोट कधी चुकलं नाही.

यंदा हिवाळ्यात ती नवी जाड तबकडी माझ्या हाती आली. ती मांडीवर उभी धरून मी एसटीने अकोल्याला निघाले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "देवाचा फोटो हाये का ताई?" मी हो म्हटलं. समजावत बसले असते तर मूर्तिजापूर मागे पडलं असतं. घरी मी ती ऐकून आले होते. श्वास होता, आणि इतका स्वच्छ की जणू माणूस शेजारीच बसलाय. मामांचं बोट आता कसं उठतं ते बघायची मला घाई झाली होती.

मामा भिंतीकडे तोंड करून बसले. आधी जुनी लावली. बोट बरोबर उठलं. मग नवी लावली. बासचा तुकडा संपला, श्वास आला, सॅक्सोफोन सुरू झाला. बोट गुडघ्यावरच राहिलं.

"यायनंबी पुसला," मामा म्हणाले. "दिसाले जाड, आत काईच नाई. नापास."

मी पुन्हा जुनी लावली, आणि या वेळी कान देऊन ऐकलं. श्वासाच्या किंचित आधी तिच्यावर एक ओरखडा आहे, तो टक् असा वाजतो. मामांचं बोट त्या टक् नंतर उठलं. नव्या तबकडीवर ओरखडा कुठून असणार? म्हणजे श्वास मामांना ऐकूच येत नव्हता, कोण जाणे किती वर्षांपासून. ओरखडा ऐकून पुढचं ते आठवणीनं भरत होते.

आल्याआल्या मामी म्हणाली होती की कुकरच्या शिट्ट्या हल्ली तिलाच मोजाव्या लागतात, आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. या माणसाला आपल्या कानांचा केवढा तोरा! आता सांगितलं तर तो मीच हिरावून घेणार. नाही सांगितलं तर ज्यांनी मला ऐकायला शिकवलं त्यांनाच फसवणार.

"हो, पुसलाय," मी म्हटलं.

मामा वळले. उभा जन्म उलटतपासणीत गेलेला माणूस. त्यांनी माझ्या तोंडाकडे नुसतं पाहिलं.

"तुले आयकू आला न?"

"आला."

"अन् जुनीवर मी बोट उचलतो, ते?"

"ओरखड्यावर, मामा."

रागावतील, उठून जातील, असं मला वाटलं. मामी चहा ठेवून गेली, तो तसाच निवत राहिला.

"मले वाटे का आयकू येते," शेवटी ते म्हणाले. "खरंच वाटे, बाई."

मग म्हणाले, "घेऊन दाखव बरं."

"काय?"

"श्वास. नवीवर जसा हाये तसा."

मी नवी पुन्हा लावली, तेवढा भाग नीट ऐकला आणि सुई उचलली. मामांनी खुर्ची जवळ ओढली आणि तळहात माझ्या पाठीवर ठेवला. मी श्वास घेतला. तोंडाने, आखूड, शेवटाला जरासा अडखळलेला. मला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

"अजून एक डाव."

मी पुन्हा घेतला.

"तोच हाये," मामा म्हणाले. "शेवटी अडखळते न थोडा? तोच." हात त्यांनी काढला नाही. "जुनीपरीस चांगली हाये मंग. ही पास."